कृष्णगिरीवरील एक दिवस : पोढ्या, दानलेख आणि आपण



भारतात डोंगर कोरून घडवलेली जेवढी लेणी आहेत त्यांतली बहुसंख्य आपल्या महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतलीही बहुतेक बौद्ध लेणी आहेत. ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. पण ही लेणी कुणी केली, असा प्रश्न विचारला की गाडी अडते. शिकलेला माणूस म्हणतो, राजांनी केली. खेड्यातला म्हातारा म्हणतो, पांडवांनी एका रात्रीत कोरली. दोन्ही उत्तरं ऐकून आपण मान डोलावतो आणि फोटो काढून परत येतो. खरं उत्तर मात्र लेण्यांच्या भिंतीवरच कोरून ठेवलेलं आहे. ते वाचायचं कसं, आणि ते वाचल्यावर आपल्या विहारासाठी त्यातून काय घ्यायचं, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या विहारातर्फे गेल्या जानेवारीत लेणीदर्शन सहल निघाली होती. आम्ही एकूण सतरा जण होतो. त्यात महिला मंडळाच्या सहा जणी, चार शाळकरी मुलं, आणि सोबत भन्तेजी. भाड्याची एक गाडी, दोन तंबू, एक ताडपत्री, गॅसची शेगडी आणि आठवड्याचा शिधा एवढा आमचा संसार. लॉजचा खर्च परवडण्यासारखा नव्हता, म्हणून जिथे विहाराचं अंगण किंवा शाळेचं पटांगण मिळेल तिथे मुक्काम करायचा असं ठरलं होतं. नाशिकची त्रिरश्मी लेणी पाहून आम्ही मुंबईत उतरलो. पुढे कार्ला, भाजे आणि जुन्नर करायचं होतं. मधला एक अख्खा दिवस कान्हेरीला दिला. त्या एका दिवसाचीच हकिकत इथे देत आहोत.

जंगलाच्या पोटातील महाविहार

कान्हेरी लेणी ही बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एका बाजूला मुंबईची उपनगरं, दुसऱ्या बाजूला ठाणे, आणि मधे हे जंगल. आत बिबटे आहेत, चितळ आहेत, वारली आणि महादेव कोळी बांधवांचे पाडे आहेत. जंगलात तंबू ठोकायला अर्थातच परवानगी नव्हती. त्यामुळे आम्ही आदल्या रात्री बोरिवली भागातल्या एका विहाराच्या अंगणात मुक्काम केला आणि सकाळी दार उघडायच्या वेळी उद्यानाच्या फाटकाशी हजर झालो. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत. हमरस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज दहा मिनिटांत मागे पडतो आणि साग, बांबू, पळस सुरू होतो. ‘मुंबईत एवढं रान आहे हे माहीतच नव्हतं,’ असं आमच्यातल्या बऱ्याच जणांनी म्हटलं.

हे रान आहे म्हणूनच ही लेणी एवढी तरी शाबूत राहिली, हे इथे नमूद करावंसं वाटतं. जवळच मागाठाणे येथेही बौद्ध लेणी होती. ती वस्तीच्या वेढ्यात सापडली आणि आज त्यांची अवस्था बघवत नाही. कान्हेरीला जंगलाने सांभाळलं.

प्राचीन शिलालेखांत या डोंगराचं नाव ‘कण्हसेल’ म्हणजे कृष्णशैल किंवा कृष्णगिरी असं येतं. काळ्या पाषाणाचा डोंगर म्हणून ते नाव. त्याच नावापासून पुढे कान्हेरी झालं. शंभराहून अधिक लेणी या एकाच डोंगरात आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास इथे कोरकाम सुरू झालं आणि अकराव्या शतकापर्यंत इथे माणसांचा राबता होता. म्हणजे जवळजवळ हजार वर्षे हा विहार चालू होता. आपला विहार उभा करताना आपल्याला किती सायास पडले ते आपण जाणतो. मग हजार वर्षे एखादा विहार चालवायचा म्हणजे काय, याची कल्पना करावी.

दोघा भावांचे चैत्यगृह

वर चढून गेलं की पहिल्यांदा लक्ष वेधून घेतं ते तिसऱ्या क्रमांकाचं लेणं. हे इथलं मोठं चैत्यगृह. आत चौतीस खांब, टोकाला स्तूप, वर कमानदार छत. काही खांबांच्या माथ्यावर हत्ती कोरलेले आहेत. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना भगवान बुद्धांच्या उभ्या मूर्ती आहेत. त्या सात मीटरच्या आसपास उंच असून नंतरच्या काळातल्या आहेत. भन्तेजींनी स्तूपासमोर त्रिशरण-पंचशील दिलं. आपल्याच आवाजाला त्या दगडी छतातून उत्तर आल्यासारखं वाटलं.

या चैत्यगृहाच्या दाराजवळचा लेख सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. पण राजाचं नाव फक्त काळ सांगण्यापुरतं. दान दिलं ते गजसेन आणि गजमित्र या दोघा व्यापारी भावांनी. लेणं भद्रायणीय शाखेच्या आचार्यांना अर्पण केलं आहे. कामावर देखरेख करणाऱ्या भिक्खूंची नावंही त्यात आहेत. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर देणगीदार, बांधकाम समिती आणि विश्वस्त या सगळ्यांची नोंद एकाच ठिकाणी!

पोढी म्हणजे काय

खरं पाहता कान्हेरीत आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते मूर्तींनी नव्हे, पाण्याने. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात एका बाजूला पाण्याचं टाकं आहे. वरून चौकोनी तोंड आणि आत खडकाच्या पोटात खोल कोरत नेलेलं. शिलालेखात याला ‘पोढी’ म्हणतात. जानेवारी महिना असूनही कित्येक पोढ्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

हे पाणी येतं कुठून? विहिरीसारखे झरे इथे नाहीत. मुंबईच्या या पट्ट्यात पाऊस चार महिने धो धो पडतो आणि मग आठ महिने थेंब नाही. ज्यांना डोंगरावर बारा महिने राहायचं होतं त्यांना त्या चार महिन्यांचं पाणी धरून ठेवणं भाग होतं. म्हणून लेण्यांच्या वरच्या उघड्या कातळावर बारीक बारीक पन्हळी कोरल्या. त्यांतून पावसाचं पाणी वाहत येतं आणि एकेका पोढीत उतरतं. शिवाय मधल्या ओढ्यावर दगडी बंधारा घातला होता. त्याचे अवशेष आहेत. आमच्यातल्या एका गवंडीकाम करणाऱ्या दादांनी बोट फिरवून पन्हळीचा उतार पाहिला आणि म्हणाले, ‘लेव्हल बघा. इकडं दोन बोटं जास्त घेतलं असतं तर पाणी भायेर गेलं असतं.’ इतिहासाच्या पुस्तकात असं वाक्य मिळत नाही.

या डोंगरावर आणखी सात लेणी सापडल्याची बातमी २०२१ साली आली होती. त्या लेण्यांजवळ पोढ्या नाहीत. त्यावरून अभ्यासकांनी असा अंदाज केला की, ती पावसाळ्यातल्या निवासासाठी, म्हणजे वर्षावासासाठी असावीत. पाणी साठवायची सोय झाली आणि मगच इथे बारमाही विहार उभा राहिला, असा याचा अर्थ निघतो. आधी पाणी, मग विहार.

सोनाराची पोढी, लोहाराची वाट

आता या पोढ्या कुणी दिल्या ते पाहू. पाचव्या क्रमांकाजवळच्या पोढीवरचा लेख अभ्यासकांत फार प्रसिद्ध आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असून ती महाक्षत्रपाची कन्या असल्याचं म्हटलं आहे. हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामन असावा असं मानतात. त्याच रुद्रदामनाने जुनागढच्या लेखात म्हटलं आहे की, आपण सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे सोडून दिलं. दोन घराण्यांमधल्या या सोयरिकीचा पुरावा सापडतो तो कुठल्या राजवाड्यात नव्हे, तर भिक्खूंच्या पाण्याच्या टाक्यावर! ही पोढी सातेरक नावाच्या अमात्याने दिली.

पण असे अमात्य थोडे. सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्याने पोढी दिली. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. लोहाराने वाट द्यावी हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटलं. हा सगळा डोंगर छिन्नीने कोरला, आणि छिन्नी लोहाराच्या भात्याशिवाय होत नाही. दानलेखांमध्ये गृहपती आहेत, त्यांच्या घरच्या बायका आहेत, भिक्खू आहेत आणि भिक्खुणीही आहेत. कुणी कल्याणचा, कुणी सोपाऱ्याचा, कुणी नाशिकचा, कुणी चौलचा. उत्तरेला सोपारा बंदर, पूर्वेला कल्याण, खाडीकाठी ठाणे. या व्यापारी वाटांच्या मधोमध हा डोंगर होता. म्हणून दान येत राहिलं.

प्रत्येक लेखाची ठेवण साधारण सारखीच असते. दाता कुठला राहणारा, धंदा काय, नाव काय, सोबत आई-वडील, पत्नी, मुलं यांपैकी कोण कोण, वस्तू काय दिली, आणि कुणाला दिली. शेवटी ‘देयधम्म’ म्हणजे धर्मार्थ दिलेली देणगी. पुष्कळ दानं ‘चातुर्दिश संघाला’ दिली आहेत, म्हणजे चारी दिशांनी येणाऱ्या भिक्खूसंघाला. दान देणाऱ्याने कुणाची जात विचारून पोढी दिली नाही आणि पाणी पिणाऱ्यालाही ती कुणी विचारली नाही. संघात आलेला कुठल्या घरचा, हा प्रश्नच तिथे संपत होता.

आमच्या सोबतच्या सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी पोढीच्या काठावर बसून हे सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, ‘आमच्या लहानपणी गावच्या आडावर आम्ही नुसतं उभं राहायचो. कुणाला दया आली तर वरून ओंजळीत वतायचं. आनि हितं लोहाराचं नाव दगडावर?’ नववीतल्या त्यांच्या नातीने विचारलं, ‘आजी, मग मधे काय झालं?’ या प्रश्नाला त्या वेळी कुणी उत्तर दिलं नाही.

त्या ‘मधल्या’ काळाचं उत्तर म्हणजेच आपला इतिहास होय. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, तो कागदावर राहिला होता. पुढे कोर्टकचेरी झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एक ओंजळभर पाण्याचा हक्क कायद्याने मान्य व्हायला दहा वर्षं लागली. ज्या भूमीत सोनार, व्यापारी, भिक्खुणी येऊन चारी दिशांच्या संघासाठी टाकी कोरत होते, त्याच भूमीत हे घडलं. म्हणून कान्हेरीची पोढी पाहताना ती केवळ जुनी वास्तू म्हणून पाहता येत नाही.

दान टिकते कसे

एकदा दिलेलं दान पुरत नाही. भिक्खूंना चीवर दरवर्षी लागतं. यासाठी ‘अक्षयनीवी’ नावाची पद्धत होती. मूळ रक्कम किंवा जमीन तशीच ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून खर्च भागवायचा. आदल्या दिवशी नाशिकला आम्ही उषवदाताचा लेख पाहिला होता. त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेव ठेवली होती, २००० एका दराने आणि १००० दुसऱ्या दराने, आणि व्याजातून भिक्खूंचा खर्च व्हायचा होता. कान्हेरीच्या लेखांतही चीवरासाठी सोळा कार्षापणांची तरतूद आढळते. एका लेखात ‘मंगलठाण’ गावातलं शेत दान दिल्याची नोंद आहे. हे मंगलठाण म्हणजेच आजचं मागाठाणे. परत येताना बसच्या आगाराच्या पाटीवर ते नाव वाचून मुलांनी एकच गलका केला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखातलं गाव पाटीवर सापडलं, याचा त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

अकराव्या क्रमांकाचं लेणं दरबार लेणं म्हणून ओळखलं जातं. मधे लांबच लांब दोन बुटके दगडी बाक आहेत. इथे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक कोकणचे शिलाहार यांच्या काळातला, इसवी सन ८५० च्या सुमाराचा लेख आहे. गौड देशाहून म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म दान दिल्याचं त्यात नोंदलं आहे. त्याआधी पाचव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे ४९४-९५ साली, सिंधू देशाच्या बुद्धरुचीने इथे सारिपुत्ताच्या नावाने चैत्य बांधला. त्याचा ताम्रपट १८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांना एका स्तूपात मिळाला. सिंध कुठे, बंगाल कुठे, आणि हा बोरिवलीचा डोंगर कुठे! पण दान आलं.

दुपारी आम्ही सत्त्याऐंशीव्या क्रमांकाकडे गेलो. एका लांब कड्याखाली विटांच्या लहान लहान स्तूपांचे चौथरे ओळीने आहेत. इथे राहून गेलेल्या थेरांची ही स्मारकं. त्यांची नावं कोरलेल्या शिळाही सापडल्या आहेत. सकाळपासून दंगा करणारी मुलंसुद्धा तिथे आपोआप गप्प झाली. दान देणाऱ्याचं नाव आहे, तसंच आयुष्यभर शिकवणाऱ्याचंही आहे.

नंतर आलेले आणि वाचणारे

विहार ओस पडण्याच्या काळात, १००९ आणि १०२१ साली, काही पारशी मंडळी इथे येऊन गेली. नव्वदाव्या लेण्यात त्यांनी पहलवी लिपीत आपल्या भेटीची नोंद केली आहे. पुढे ब्राह्मी वाचणारं कुणी उरलं नाही, आणि नेमकी तेव्हाच पांडवांची कथा जन्माला आली. अक्षर हरवलं की इतिहास दुसऱ्याच्या हातात जातो. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी अशोकाची ब्राह्मी उलगडली आणि दगड पुन्हा बोलू लागले. भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनी पश्चिम भारतातल्या लेखांचं वाचन पुढे नेलं. त्यांनीच १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आणि कान्हेरीच्या लेखांचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला तो आपल्या पुण्याच्या विदुषी डॉ. शोभना गोखले यांनी. डेक्कन कॉलेजने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. आपल्या वाचनालयात त्याची एक प्रत असावी, ही विश्वस्तांना विनंती.

याच डोंगररांगेत इंग्रजांच्या काळात विहार तलाव झाला. तो १८६० साली पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. १८७९ साली तुळशी तलाव झाला. दोन्ही तलाव आज राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. भिक्खूंनी कातळावरचा पाऊस धरला, इंग्रजांनी दरीतला धरला. डोंगर तोच, पाऊस तोच.

माथ्यावरून पश्चिमेला पाहिलं की इमारतींच्या पलीकडे गोराईचा विपश्यना पगोडा सोन्यासारखा चमकताना दिसतो. २००९ साली त्याचं उद्घाटन झालं. महिला मंडळाच्या ताईंनी तिथेच भाकरी, ठेचा आणि पाड्यावरच्या बाईंकडून घेतलेल्या काकड्या वाढल्या. माकडांनी दोन भाकऱ्या पळवल्या, तेही दानच समजलं.

आपल्याला काय करता येईल

एक गोष्ट मात्र मनाला लागली. काही पोढ्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या, आणि भिंतींवर खिळ्याने नावं आणि बदाम कोरलेले होते. नाव कोरायची हौस असेल तर आधी लोहारासारखी वाट करून द्यावी. आमच्या मुलांनी हाताला येतील तेवढ्या बाटल्या काढून पिशवीत भरल्या. भन्तेजींनी सर्वांना सांगितलं, ‘लेण्यात जाताना पायातलं बाहेर काढा आणि येताना कचरा बरोबर आणा, इतकं पाळलं तरी वंदना झाली.’

दुसरी गोष्ट या स्मरणिकेबद्दल. दरवर्षी स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी असते. पुष्कळ वाचक ती पानं नुसती उलटतात. वास्तविक ती यादी म्हणजे आपला दानलेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखात आणि तिच्यात जात एकच आहे, ती म्हणजे दात्याची. फरक इतकाच की, आपल्या यादीत नाव आणि रक्कम एवढंच असतं. कान्हेरीच्या सोनाराचं गाव आणि धंदा आपल्याला दोन हजार वर्षांनंतर कळतो. मग आपल्या विहाराची पाण्याची टाकी बांधताना ज्या बायांनी डोक्यावरून विटा वाहिल्या, ज्या गवंड्याने मजुरी घेतली नाही, ज्या रिक्षावाल्याने सिमेंटच्या गोण्या फुकट आणून टाकल्या, त्यांचं गाव, धंदा, आईचं नाव आणि काय दिलं याची नोंद का असू नये? रक्कम लिहिता येत नाही असं दान सर्वांत मोठं असतं.

म्हणून आमची अशी सूचना आहे की, पुढच्या वर्धापनदिनापासून देणगीदारांच्या यादीत श्रमदान करणाऱ्यांचाही समावेश करावा, आणि ज्येष्ठ मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून विहाराच्या पायाभरणीपासूनची नावं लिहून काढावीत. हे काम विहाराच्या मुलामुलींनी करावं. कान्हेरीच्या वाटेवर विचारलेल्या ‘मधे काय झालं’ या प्रश्नाचं थोडंफार उत्तर त्यांना त्या आजी-आजोबांच्या तोंडूनच मिळेल. आणि पुन्हा दोन हजार वर्षांनी कुणी विचारलंच की हा विहार कुणी बांधला, तर पांडवांनी बांधला असं सांगायची वेळ कुणावर येणार नाही.

सर्वांचे मंगल होवो!